मुद्रा, मोहोर आणि शिक्क्याची अंगठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रा म्हणजे ठसा, की ठसा उठवणारी वस्तू?

दोन्ही. दगडावर किंवा धातूवर उलटं कोरलेलं चित्र किंवा नाव हीही मुद्रा, आणि ते माती, मेण, लाख किंवा कागदावर दाबल्यावर जे उमटतं तीही मुद्रा. मोहोर आणि शिक्का या शब्दांचंही तसंच आहे. घोळ नको म्हणून इथे कोरलेल्या वस्तूला मुद्रा आणि उमटलेल्या खुणेला ठसा म्हटलं आहे.

शब्दांपाशी थोडं थांबण्यासारखं आहे. मोहोर फारसीतून आली. शिक्का अरबी ‘सिक्का’तून, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यातून. मुद्रा संस्कृत. तिच्या पोटात दोन अर्थ एकत्र नांदतात: उमटवणं आणि मिटवणं. मुद्रित पुस्तक म्हणजे छापलेलं, आणि काव्यातले मुद्रित नयन म्हणजे मिटलेले डोळे. मुद्रेची कामंही हीच दोन. ती आपली खूण उमटवते आणि आतला मजकूर मिटवून ठेवते. अंगठीला जुन्या मराठीत मुदी म्हणत, तीही या मुद्रेचीच लेक.

सही करता येत असताना मुद्रा कशाला लागायची?

सहीवर विश्वास ठेवण्याची सवय त्या मानाने नवी आहे. हजारो वर्षं सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा असायचा. राजा किंवा सावकार बोलायचा, लेखनिक उतरवून घ्यायचा. अक्षर लेखनिकाचं, मग त्यातला शब्द धन्याचा आहे हे वाचणाऱ्याला कसं कळावं? धनी तर शेकडो मैल लांब. त्या लांबच्या माणसाची हजेरी मुद्रा लावायची. हा धागा धरून ठेवला की खालची बहुतेक उत्तरं आपोआप उलगडतात: मुद्रा हरवली की माणूस का हादरायचा, ती चोरणं एवढा मोठा गुन्हा का होता, धनी गेल्यावर ती फोडून का टाकत.

इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५ साली मॅग्ना कार्टावर सही केली असं सर्रास लिहिलं जातं. सही केलीच नव्हती. त्या सनदेला त्याची मुद्रा लावली गेली, आणि त्या काळी तेवढं पुरेसं होतं.

सर्वांत जुन्या मुद्रा कुठे सापडतात?

पश्चिम आशियात. आधी साध्या, दाबून ठसा उठवायच्या मुद्रा आल्या. मग इ.स.पू. ३५०० च्या सुमारास दक्षिण मेसोपोटेमियात, उरुक शहराच्या काळात, दंडगोल मुद्रा आली. बोटाच्या पेराएवढा दगडी दंडगोल, त्याच्या अंगावर चौफेर कोरीवकाम आणि मधून दोरा ओवायला आरपार भोक. ओल्या मातीवर तो लाटला की चित्रांची सलग पट्टी उमटते. पुढची सुमारे तीन हजार वर्षं ही पद्धत टिकली.

हे दंडगोल फक्त पत्रांसाठी होते असं समजू नका. पहिलं काम होतं कोठाराची राखण. रांजणाच्या तोंडावर कापड बांधायचं, दोरी आवळायची, गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मुद्रा फिरवायची. खोलीच्या दारालाही तसंच: दोरी भिंतीतल्या खुंटीला गुंडाळून वर मातीचा गोळा. कुलूप ताकदीने अडवतं. मातीचा गोळा कुणालाच अडवत नाही, लहान मूलही तो फोडेल. पण फोडलेला गोळा तसाच्या तसा पुन्हा जोडता येत नाही. चोरी थांबवण्यापेक्षा ती लपू न देणं, असा हा विचार आहे. लेखनकला पुरती रुळली नव्हती तेव्हा माणसाला तो सुचला होता, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रा बहुतेक चौकोनी, स्टिएटाइट या मऊ दगडाच्या, भाजून कडक केलेल्या. वर न उलगडलेल्या लिपीची ओळ, खाली बहुधा एकशिंगी प्राणी, पाठीवर दोरा ओवायला भोक पाडलेला उंचवटा. लोथलच्या गोदामाच्या अवशेषांत मातीचे ठसे सापडले, त्यांच्या मागच्या बाजूला दोरीचे आणि विणीचे वळ आहेत. म्हणजे ते गाठोड्यांवर होते. सिंधू पद्धतीच्या मुद्रा थेट मेसोपोटेमियातल्या उर शहरात मिळाल्या आहेत. माल कुठवर जात होता हे त्यातून कळतं. मुद्रेवर काय लिहिलंय ते मात्र अजून वाचता येत नाही.

मुद्रा फक्त राजांकडेच असायची का?

नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की बॅबिलोनमध्ये प्रत्येकाजवळ मुद्रा आणि कोरीव काठी असते. ‘प्रत्येकाजवळ’ ही अतिशयोक्ती असेल, पण व्यापारी, पुजारी, कारकून यांच्या मुद्रा ढिगांनी सापडल्या आहेत. ज्याच्याकडे मुद्रा नव्हती त्याचीही सोय होती: करार लिहिलेल्या ओल्या पाटीवर तो आपल्या वस्त्राचा काठ दाबायचा किंवा नखाची खूण उठवायचा. त्या नखांचे चंद्रकोरीसारखे ठसे आजही त्या पाट्यांवर दिसतात. अंगठा उठवण्याची पद्धत यांच्याच कुळातली.

स्त्रियांच्याही मुद्रा होत्या. उरच्या राजसमाधींमध्ये एका स्त्रीच्या देहाजवळ लाजवर्दी दगडाचा दंडगोल मिळाला. त्यावर कोरलेलं नाव पुआबी. तिच्या सोन्याच्या शिरोभूषणाने जग दिपून गेलं, पण तिला नाव दिलं ते त्या चिमुकल्या दगडाने. बिहारमधल्या बसाढ इथे, म्हणजे प्राचीन वैशालीत, गुप्तकाळातल्या मातीच्या ठशांमध्ये ध्रुवस्वामिनीचा ठसा मिळाला. त्यात ती स्वतःला चंद्रगुप्ताची पत्नी आणि गोविंदगुप्ताची आई म्हणवते. शाहजहानने आपली शाही मोहोर काही काळ मुमताज महलच्या ताब्यात दिली होती. ती उठल्याशिवाय फर्मान पुरं होत नसे, तेव्हा हा मान नुसता शोभेचा नव्हता.

गळ्यातली किंवा कमरेची मुद्रा बोटात कशी आली?

इजिप्तमध्ये. तिथे शेणकिड्याच्या आकाराचा छोटा ताईत लोकप्रिय होता. वरून किडा, खालच्या सपाट पोटावर नाव. त्याच्या भोकातून तार ओवून कडं केलं की अंगठी तयार, आणि किडा तारेभोवती फिरवला की पोट वर येऊन ठसा उठवता येई. पुढे अख्खी अंगठीच धातूची ओतून तिच्या चपट्या माथ्यावर नाव कोरू लागले. ग्रीकांनी आणि रोमनांनी अंगठीत कोरीव खडा बसवायची कला शिखराला नेली.

सोय साधी होती. जी वस्तू हरवली तर घात होईल, ती अंगावर अशा जागी हवी की झोपेतही जाणवावी.

रोममध्ये ती हुद्द्याचीही खूण झाली. सुरुवातीला लोखंडाची अंगठी, सोन्याची फक्त वरच्या वर्गाला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनाईच्या लढाईत रोमन सैन्य कापलं गेलं, तेव्हा रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा भाऊ मागो याने कार्थेजच्या सभेत मेलेल्या रोमनांच्या सोन्याच्या अंगठ्यांची रास ओतली असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. किती माणसं मेली यापेक्षा कोणती मेली, हे त्या राशीने सांगितलं.

त्या अंगठ्यांवर काय कोरलेलं असायचं?

ज्याची त्याची निवड. सीझरचा प्रतिस्पर्धी रोमन सेनानी पाँपी याच्या अंगठीवर तलवार धरलेला सिंह होता. त्याचा खून झाल्यावर ती अंगठी सीझरपुढे आणली तेव्हा सीझर रडला, असं प्लुटार्क लिहितो. सीझरची स्वतःची मुद्रा शस्त्रधारी व्हीनस देवीची. ऑगस्टसचा सल्लागार मायसीनस याची बेडकाची.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची गोष्ट सर्वांत बोलकी. त्याने आधी स्फिंक्स, म्हणजे कथांमधला कोडी घालणारा प्राणी, वापरला, मग अलेक्झांडरचा चेहरा, आणि शेवटी डायोस्क्युरिडीस या कारागिराने कोरलेला स्वतःचा चेहरा. आधी कोडं, मग आदर्श, मग मी. सत्ता पक्की होत गेली तसतसं त्याला दुसऱ्या कुणाचं रूप घ्यायची गरज उरली नाही, असं मी तरी या क्रमातून वाचतो. स्फिंक्सच्या त्याच्याकडे दोन एकसारख्या मुद्रा होत्या. तो मोहिमेवर असताना दुसरी त्याचे विश्वासू वापरत आणि त्याच्या नावाने हुकूम काढत.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही प्रश्न पडला: मुद्रा तर हवी, पण देवदेवता नकोत. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने सल्ला दिला: कबुतर, मासा, जहाज, वीणा किंवा जहाजाचा नांगर कोरा.

मुद्रा हरवली किंवा शत्रूच्या हाती पडली तर?

तर आपण जिवंत असतानाच दुसरा कुणी ‘आपण’ होऊन बसतो. म्हणून जुन्या जगाने या भीतीचा फार बारकाईने विचार केला.

एका सुमेरी लेखात असा प्रसंग आहे: व्यापाऱ्याची मुद्रा हरवते, आणि दवंडीवाला रस्तोरस्ती शिंग फुंकून ते जाहीर करतो, म्हणजे पुढे कुणी त्या ठशाच्या जोरावर त्याच्यावर दावा सांगू नये. इराणमध्ये दर्युश राजाचा मोठा अधिकारी पर्नाक याच्या इ.स.पू. ५०० च्या मातीच्या पाट्यांवर नोंद आहे: पूर्वी जी माझी मुद्रा होती ती बदलली आहे, या पाटीवर जी उठली आहे ती आता माझी. आज बँकेला सही बदलल्याचं कळवतो ना, अगदी तसं. अथेन्सच्या सोलोनच्या नावावर तर एक कायदाच सांगितला जातो की कारागिराने विकलेल्या अंगठीचा ठसा स्वतःजवळ ठेवू नये.

आणि आता हॅनिबल. इ.स.पू. २०८ मध्ये रोमन सेनानी मार्सेलस दबा धरून बसलेल्या टोळीच्या हल्ल्यात मारला गेला आणि त्याची अंगठी हॅनिबलला मिळाली. मार्सेलसचा सोबती क्रिस्पिनस जबर जखमी होता, पण डोकं शाबूत होतं. त्याने तातडीने आसपासच्या गावांना कळवलं: मार्सेलस गेला, त्याच्या अंगठीने आलेलं कुठलंही पत्र खरं मानू नका. हा निरोप सालापिया गावात पोचला आणि पाठोपाठ मार्सेलसच्या ठशाचं पत्रही आलं, ‘आज रात्री येतोय’. गावकऱ्यांनी काही कळलंच नाही असं दाखवून वेशीचा दरवाजा वर उचलला. हॅनिबलने लॅटिन बोलणारे फितूर रोमन शिपाई पुढे ठेवले होते. ते आत शिरताच दरवाजा धाडकन खाली आला आणि आत आलेले कापले गेले. अंगठी खरी, ठसा खरा, पत्र खोटं. निरोप्याने वाटेत थोडी दिरंगाई केली असती तर गाव गेलं असतं.

आपल्याकडे विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकाचा सगळा डाव याच खिळ्यावर टांगलेला आहे. अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती पडते, तो तिच्या ठशाचं बनावट पत्र तयार करवतो, आणि त्या एका ठशाने राक्षस आपल्याच मित्रांच्या नजरेतून उतरतो.

धनी वारल्यावर मुद्रेचं काय करत?

बहुतेक ठिकाणी ती निकामी करत. मेलेल्या माणसाच्या नावाने नवा कागद निघू नये हाच हेतू. मध्ययुगीन युरोपात बिशपची मुद्रा फोडून टाकत. पोपची ‘कोळ्याची अंगठी’ आजही रद्द केली जाते. संत पीटर हा मासे धरणारा कोळी, म्हणून हे नाव. तिचा पहिला उल्लेख पोप क्लेमेंट चौथा याच्या १२६५ च्या पत्रात येतो. तिने पत्रांवर लाल लाखेचा ठसा उठवण्याची चाल १८४२ मध्ये बंद झाली आणि तिथे शाईचा शिक्का आला, तरी अंगठी निकामी करण्याचा विधी थांबला नाही. २०१३ मध्ये बेनेडिक्ट सोळावे यांनी पद सोडलं तेव्हा त्यांच्या अंगठीवर छिन्नीने फुलीसारख्या रेषा ओढल्या गेल्या. माणूस हयात, पण त्या पदावरचा त्याचा शब्द संपला.

याच्या उलट उदाहरण अलेक्झांडरचं. इ.स.पू. ३२३ मध्ये मरणाच्या बिछान्यावर त्याने आपली अंगठी पर्डिकस या सेनापतीच्या हाती दिली. वारस ठरवला की फक्त कारभार सोपवला, यावर सेनापतींची भांडणं जुंपली.

इंग्लंडच्या जेम्स दुसऱ्याने १६८८ मध्ये पळून जाताना राज्याची मोठी मुद्रा टेम्स नदीत फेकली. मुद्रा नाही तर संसद बोलावता येणार नाही, असा त्याचा हिशेब. संसद तरीही भरली.

लाख कधीपासून वापरात आली? त्याआधी काय होतं?

आधी माती. मातीचा मोठा गुण म्हणजे आगीत ती नष्ट होत नाही, भाजून पक्की होते. कित्येक जुन्या शहरांतली दप्तरं जळून गेली. कागद राख झाले, ठसे उरले. यहुदाचा राजा हिज्कीया याचा नखाएवढा मातीचा ठसा जेरुसलेममध्ये मिळाला, मागे पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, तंतूंच्या खुणा आहेत. पत्र गेलं, लखोट्याची गाठ राहिली.

मग युरोपात मधमाश्यांचं मेण, त्यात राळ मिसळून. वजनदार हुकमांना शिसं: पोपच्या फर्मानांना ‘बुल’ म्हणतात ते त्याला लटकणाऱ्या शिशाच्या गोल ठशावरून. आपण जिला लाख म्हणतो ती झाडांच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळते. भारतातून ती १६ व्या शतकात युरोपात पोचली, आणि टर्पेंटाइन, हिंगूळ (लाल रंगाचं खनिज) घालून तिच्या कांड्या बनू लागल्या. मेण बोटाने दाबलं तरी बसतं, उन्हात लिबलिबीत होतं. लाख थंड झाली की काचेसारखी. वाकत नाही, तुटते. लखोट्याला तेच हवं होतं.

ठसा न मोडता पत्र उघडता येतं का?

येत असे. दुसऱ्या शतकातल्या लुसियन या ग्रीक लेखकाने एका ढोंगी भविष्यवेत्त्याच्या युक्त्या लिहून ठेवल्या आहेत: तापवलेली सुई ठशाखाली सरकवून मेण सैल करायचं, प्रश्न वाचायचा आणि पुन्हा चिकटवायचं, किंवा राळ, मेण, स्फटिकाची पूड यांचा लगदा ठशावर दाबून त्याचा साचाच काढून घ्यायचा. म्हणूनच जाणते लोक एकट्या ठशावर विसंबत नसत. कागदाची घडी, दोरीची गाठ, निरोप्याने तोंडी सांगायची खूण, सगळं मिळून खात्री पटायची.

भारतात मुद्रा कशा वापरत?

फार प्रकारांनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. एक माषक (तेव्हाचं छोटं नाणं) घेऊन तो प्रवासाचा मुद्रांकित परवाना देई, आणि परवान्यावाचून ये-जा करणाऱ्या प्रजाजनाला बारा ‘पण’ (तेव्हाची नाणी) दंड. तिथे ‘समुद्र’ हा शब्द मुद्रेसहित असलेल्या माणसासाठी येतो, हे वाचताना गंमत वाटते.

राजांची दानपत्रं तांब्याच्या पत्र्यांवर असत. पत्र्यांना भोक पाडून त्यातून जाड कडी ओवायची, कडीची टोकं राजमुद्रेत जोडून पक्की करायची. कडी कापल्याशिवाय मधे नवा पत्रा सारता येत नाही. राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड, बदामीच्या चालुक्यांच्या मुद्रेवर वराह, चोळांच्या मुद्रेवर त्यांचा वाघ, शेजारी पांड्यांचा मासा आणि चेरांचं धनुष्य. आपल्या मुद्रेत दुसऱ्याचं चिन्ह बसवणं हा विजयाचा दाखला. बसाढच्या ठशांत श्रेष्ठी, सार्थवाह, कुलिक यांच्या निगमाची नावं आहेत, म्हणजे व्यापारी आणि कारागीर यांच्या संघांचीही मुद्रा चाले.

कथांमधली अंगठीही ओळखीसाठीच येते. हनुमान सीतेला रामनाम कोरलेली अंगठी दाखवतो, कारण परका वानर रामाचा दूत कशावरून, हा तिचा संशय रास्त आहे. शकुंतलेची अंगठी हरवते तेव्हा दागिना हरवत नाही, पुरावा हरवतो.

जुन्या मराठी कागदांवर दोन वेगवेगळे शिक्के का दिसतात?

मोठा तो मुद्रा आणि लहान तो मोर्तब. मुद्रा कागदाच्या वरच्या भागात, मोर्तब मजकूर संपतो तिथे. मोर्तब म्हणजे अरबी-फारसी ‘मुरत्तब’, नीट लावून पुरं केलेलं. त्याच्याखाली कुणी नवी ओळ घुसडली तर ती बाहेरची, हे लगेच कळावं. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो त्यात ही दोन्ही टोकं आहेत: शिक्का वरचा, मोर्तब खालचं. हे ठसे लाखेचे नसून शाईचे असत.

शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी:

‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥’

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. आसपासच्या दरबारांत फारसी मोहोरा चालत असताना हा संस्कृत श्लोक उठतो, हे विसरू नये. ‘मुद्रा भद्राय राजते’ यात कर्ता मुद्रा आहे. शोभते ती, राजा तिच्यामागे उभा आहे. त्यांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’, म्हणजे ही मर्यादा इथे शोभते. मजकुराची हद्द इथे संपली, हे इतक्या देखण्या शब्दांत सांगितलेलं मला दुसरीकडे आढळलेलं नाही. २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर अष्टकोनी चौकट आली ती याच मुद्रेवरून.

पेशव्यांच्या मुद्रेत आधी धन्याचं नाव: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. आणि मोर्तब ‘लेखनसीमा’. अधिकारपद मिळताना शिक्के-कट्यार देत. शब्द चालवायचा हक्क आणि तो राखायचं बळ, दोन्ही एकाच तबकात.

मुघल मोहोर वेगळी मांडणी करते. मधल्या वर्तुळात बादशहाचं नाव, भोवती लहान वर्तुळांत तैमूरपर्यंतचे पूर्वज. अख्खी वंशावळ एका ठशात.

चीन-जपानमध्ये मुद्रा अजून वापरतात का?

हो. चीनमध्ये हिंगुळाच्या लाल लगद्यात बुडवून कागदावर ठसा उठवतात, आणि चित्रकार, सुलेखनकार आपल्या कृतीवर तो सहीसारखा लावतात. चित्राचे पुढचे मालकही आपापले ठसे उठवत. छ्येनलुंग बादशहाने जुन्या चित्रांवर इतके ठसे मारले की काही ठिकाणी चित्राला श्वास घ्यायला जागा नाही. मला ते पाहवत नाही, पण ते चित्र कुणाकुणाच्या हातून गेलं याचा माग मात्र त्यामुळेच लागतो.

जपानमध्ये १७८४ साली शेतात एक सोन्याची मुद्रा सापडली. चीनच्या हान सम्राटाने इ.स. ५७ मध्ये तिथल्या एका राजाला दिलेली ती हीच, असं मानलं जातं. बाजू जेमतेम २.३ सेंटिमीटर. आजही जपानी माणसाकडे बहुधा एकाहून जास्त शिक्के असतात: नगरपालिकेत नोंदवलेला मोठ्या व्यवहारांचा, बँकेचा, आणि रोजच्या पोचपावतीचा. २०२० मध्ये महासाथीच्या काळात केवळ शिक्का मारायला लोकांना कचेरीत जावं लागलं, तेव्हा सरकारने बहुसंख्य सरकारी कामांतून त्याची सक्ती काढायचं ठरवलं.

शिक्क्याची अंगठी कोणत्या बोटात घालतात?

युरोपीय प्रथेत करंगळीत, बहुधा डाव्या हाताच्या. ठसा उठवताना करंगळी सहज वळते आणि बाकी बोटांच्या कामात येत नाही. शास्त्र वगैरे काही नाही. रोमन लोक इतर बोटांतही घालत.

माझ्या अंगठीवरची अक्षरं सरळ वाचता येतात. ती खरी मुद्रा आहे का?

ती शोभेची अंगठी. ठसा सुलटा यायचा तर कोरीवकाम उलटं हवं. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू पाहताना ही पहिली तपासणी करावी. दुसरी: काम खोलगट आहे का? उठावाचं कोरीवकाम सुंदर दिसतं, पण मुद्रेचं काम करत नाही.

कोणता दगड चांगला?

कठीण, बारीक पोताचा. लाल-तांबूस अकीक हजारो वर्षं आवडीचा राहिला, कारण त्याला मेण चिकटत नाही. हे रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवलं आहे. असे दगड लोखंडी टोकाने कोरले जात नाहीत. फिरत्या सामत्याच्या (भोक पाडायच्या हत्याराच्या) टोकाला कुरुंदाची पूड आणि तेल लावून कणाकणाने झिजवावे लागतात.

दुसऱ्या घराण्याचं चिन्ह असलेली अंगठी घालावी का?

युरोपात १२ व्या शतकापासून कुलचिन्हं रूढ झाली आणि अंगठ्यांवर आली. काही देशांत ती आजही नियमांनी बांधलेली आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत स्पष्ट आहे: घालू नये. मुद्रा म्हणजे ‘हे मी म्हणतो’. दुसऱ्याच्या चिन्हाने ते म्हणता येत नाही. आपल्या नावाचं आद्याक्षर, आवडतं झाड, आपल्या कामाचं हत्यार यातलं काहीही त्याहून खरं.

घरात जुना शिक्का किंवा ठशाचा कागद सापडला तर काय करावं?

घासू नका. खोबणीत अडकलेली लाख किंवा शाई हाच त्याच्या वापराचा पुरावा असतो. गरम लाखेवर ‘एकदा बघू’ म्हणून ठसा उठवू नका. जुन्या खड्याला त्या उष्णतेने तडा जाऊ शकतो. एका बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा आणि फोटो आरशासारखा उलटा करा, अक्षरं बहुतेक वेळा वाचता येतात. ठशाच्या कागदाला प्लास्टिकचं आवरण चिकटवून घेऊ नका. मोडी कागद असेल तर मुद्रा आणि मोर्तब दोन्ही फोटोत येतील असं पाहा. जाणकार माणूस आधी तिथेच बघतो, कारण बनावट कागद पुष्कळदा त्या दोन ठशांतच उघडा पडतो.

आज कायद्यात मुद्रेला काही अर्थ उरला आहे का?

थोडा. भारतात कंपन्यांना सामाईक मुद्रा ठेवण्याची सक्ती होती, ती २०१५ च्या दुरुस्तीने ऐच्छिक झाली. मतपेट्या, जप्तीचा माल, न्यायालयात पाठवायचे नमुने यांना मात्र अजून सील लागतं. संगणकावरची डिजिटल स्वाक्षरीही स्वभावाने सहीपेक्षा मुद्रेच्या जवळची आहे: मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ती मोडते, आणि तिची गुप्त किल्ली चोरीला गेली तर मार्सेलसच्या अंगठीसारखाच प्रसंग ओढवतो.

लाखेवर ठसा उठवताना मुद्रा चिकटून बसते. काय करावं?

मुद्रा आधी थंड करा, बर्फाच्या गोळ्यावर अर्धा मिनिट ठेवली तरी चालते, आणि पुसून घ्या. लाख ओतल्यावर लगेच दाबू नका. पृष्ठभागाची चकाकी किंचित उतरू द्या. दाबल्यावर हलवू नका आणि घाईने उचलू नका, गार झाली की लाख स्वतःच सोडते. तरीही चिकटली तर मुद्रेवर तोंडाची वाफ सोडा किंवा तेलाचं बोट फिरवा. रोमन लोक मेणावर दाबण्याआधी अंगठीचा खडा ओठांनी ओला करत. रोमन कवी ओव्हिडच्या एका कवितेत प्रियकर प्रेयसीला अंगठी पाठवतो आणि मनात म्हणतो, मीच ती अंगठी व्हावं, म्हणजे पत्र मिटवताना खडा कोरडा राहून मेणाला चिकटू नये म्हणून ती आधी मला ओठांना लावेल.